कोउमेचा शेवटचा दिवस

कोउमे मरणार आहे हे मला मासिकातूनच कळलं.

कोउमे म्हणजे मी काढते त्या चित्रकथेतली मुलगी. ‘योइयामी’ हे आमचं भुताखेतांच्या चित्रकथांचं मासिक. शाळकरी मुली ते दप्तरात लपवून घरी नेतात आणि मग झोपताना आईचा पदर सोडत नाहीत. नव्या अंकाची प्रत टपालानं आली तेव्हा माझी लेक चिनात्सु माझ्या मांडीला टेकून कलिंगड खात होती आणि बिया एकेक करून माझ्या गुडघ्यावर चिकटवत होती. मी ओल्या हातानंच अंक उघडला. माझ्या गोष्टीचं शेवटचं पान. कोउमे अंथरुणांच्या कपाटासमोर उभी, कपाटाचं सरकतं दार हातभर उघडं, आत काळोख. इथवर माझं. खाली मात्र जाड अक्षरांत ओळ होती, ती माझी नव्हती.

‘पुढच्या अंकात कोउमेचा शेवटचा दिवस! दार उघडलं आहे. आता ते तिला घेतल्याशिवाय मिटणार नाही!’

पानाच्या तळाशी अशी ओळ घालणं हे संपादकाचं काम. पानं माझ्या हातून गेली की तो ती लिहितो, आणि मला ती वाचकांबरोबरच वाचायला मिळते. सगळ्याच मासिकांत ही रीत आहे. आजवर कधी ‘दाराआड कोण?’ असं असायचं, कधी नुसतंच ‘थरकाप!’ मी वाचून हसायची.

चिनात्सुनं चिकट बोट पानावर ठेवलं. “ची-चान,” ती म्हणाली. स्वतःला ती ची-चान म्हणते.

मी अंक मिटला.

ती चुकली नव्हती. ते कपाळ तिचं, त्या पुढे आलेल्या बटा तिच्या, वरचा ओठ जरासा उचललेला तोही तिचाच. हे कसं झालं ते सांगायला मला थोडं मागे जायला हवं.

आमचं प्रकाशन मुळात विणकामाच्या नमुन्यांची पुस्तकं काढणारं. उन्हाळ्यात लोकर कोण घेतं? म्हणून तेवढ्या हंगामापुरता भुतांच्या गोष्टींचा एक जादा अंक काढायचं ठरलं. उन्हाळा हा भुतांचाच. अंगावर काटा आला की तेवढाच गारवा, असं आम्ही पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलोय. संपादक नेमले निरासावा. तोवर ते स्वेटरच्या नमुन्यांतले टाके तपासत. चाळिशीचा माणूस, पण कचेरीतल्या अंधाऱ्या जिन्यानं एकटा उतरत नसे.

“हसू नका, सेन्सेई,” पहिल्याच भेटीत ते मला म्हणाले. चित्रकथा काढणारी बाई पाठीशी मूल बांधून दारात आली तरी संपादक तिला सेन्सेईच, म्हणजे गुरूच, म्हणतात. “मी घाबरट आहे म्हणूनच हे काम माझ्या गळ्यात आलंय. साहेब म्हणाले, निरासावा घाबरला तर छापा, नाही घाबरला तर परत करा.”

भुतांची गोष्ट हाती घ्यायची तर आधी देवळात जाऊन शुद्धी करून घ्यायची. नाटकवाले करतात, सिनेमावाले करतात, आमच्या लोकांनीही केली. मी जाऊ शकले नाही, चिनात्सुचा कान ठणकत होता. निरासावा मुद्दाम सांगायला आले, “तुमचंही नाव पुजाऱ्यांनी वाचलं बरं का. त्सुकिशिरो रुरिको, असं खणखणीत.”

ते माझं टोपणनाव. माझं नाव हिसाए. सासूबाई ओट्याशी मुळा किसत होत्या. त्यांनी मान वळवली. “म्हणजे हिचं नाही वाचलं. देव काय मासिकं वाचतात होय? त्या त्सुकिशिरोबाईंचं घर शोधत हिंडत असतील बिचारे.”

आम्ही सगळे हसलो. निरासावा जरा उशिरा हसले.

जादा अंक दुकानांतून नाहीसा झाला. कंपनीनं ‘योइयामी’ मासिक केलं. शरद ऋतू निघून गेला, थंडी पडली आणि विक्री बसली. तोवर आमची भुतं जुन्या वळणाची होती, विहिरीतली, स्मशानातली, विलोच्या झाडाखाली पांढऱ्या वस्त्रात उभी राहणारी. निरासावा एकदा आमच्या शेगडीच्या चौरंगाखाली पाय घालून, रजई कमरेपर्यंत ओढून बसले होते.

“सेन्सेई, थंडीत माणूस विहिरीवर जातच नाही हो. घाबरणार कुठे? आता भुतालाच घरात घ्यायला हवं.” बोलता बोलता त्यांची नजर कोपऱ्याकडे गेली आणि त्यांनी रजईखालचे पाय जवळ घेतले. “त्या कपाटात काय आहे?”

“गाद्या,” सासूबाई म्हणाल्या. “आणि सूनबाईंनी कोंबलेले इस्त्रीचे कपडे. भूत असतं तर गुदमरून मेलं असतं.”

“उघडं का आहे?”

“लागत नाही ते नीट. घर जुनं आहे.”

निरासावा घाबरले होते. म्हणजे गोष्ट सापडली होती.

लहान मूल घरात, नवरा कामाच्या बदलीवर दूर निइगाताला. नमुन्यासाठी घरं बघत मी कुठे हिंडणार? मी माझंच घर काढलं. हीच खोली, हाच लोंबत्या दोरीचा दिवा, हेच न लागणारं दार. आणि मुलगी काढायची झाली तेव्हा दिवसभर जो चेहरा डोळ्यांसमोर असतो तोच हाताला आला. त्यात माझा विचार असा काही नव्हताच. तिला भूक लागली की कोउमेलाही लागायची. ती रुसली की त्या दिवशी कोउमेचे ओठ चांगले जमायचे.

गोष्टीत फार काही घडत नसे. दर महिन्याला कपाटाचं दार थोडं जास्त उघडायचं, बस. सगळं लहान मुलीच्या उंचीवरून दिसायचं, म्हणून कोउमेच्या आईचा चेहरा मी कधी काढलाच नाही. तिचा फक्त एप्रन, तिचे ओले हात. ती तिथेच असते आणि तिला काही दिसत नाही, याचीच मुलींना सगळ्यात जास्त भीती वाटायची.

काळं भरायचं काम सासूबाईंचं. जिथे शाई भरायची तिथे मी पेन्सिलीनं लहानशी फुली मारते, आणि त्या चष्मा नाकावर घेऊन कुंचल्यानं ती जागा भरतात. सुरुवातीला दाराच्या फटीत बोटभर काळं असायचं. पुढे पुढे अर्धं पान.

“शाई फार पिते हो तुझी ही भुताटकी,” त्या म्हणायच्या. “माझ्या लग्नात केसांना इतकं काळं लावलं नव्हतं.”

प्रत्येक अंकात एक छापील पोस्टकार्ड असतं. कुठली गोष्ट आवडली, कुठली कंटाळवाणी, ते मुलींनी लिहून पाठवायचं. कोउमे वर वर चढत पहिली आली. मुली लिहायच्या, आता मी माझं अंथरूण स्वतः काढत नाही. त्यांच्या आया कंपनीला रागावून फोन करायच्या आणि निरासावा प्रत्येक आईची वाकून वाकून माफी मागायचे, फोनवरसुद्धा. मग आमचं बघून इतरांनीही तशीच मासिकं काढली. दुकानातली एक अख्खी फळी काळी झाली. या वर्षी उन्हाळ्याआधीच्या पावसाळ्यात आमचा अंक त्या गर्दीत दिसेनासा झाला आणि माझी गोष्ट पहिल्या पानांवरून सरकत मागच्या पानांत गेली. मागची पानं म्हणजे निरोपाची रांग. हा उन्हाळा हातचा गेला तर कंपनी पुन्हा लोकरीकडे वळणार, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

मी निरासावांना फोन लावला.

“ती ओळ,” मी म्हटलं.

“वाचलीत का?” पलीकडून ते म्हणाले.

“माझ्या मुलीला मारायचं ठरवलंत आणि मला विचारलंही नाही?”

“कोउमेला, सेन्सेई. कोउमेला.”

“ती कोण आहे ते तुम्हाला माहीत आहे. तुम्ही तिला मांडीवर घेऊन बसलाय.”

“विचारलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता.” त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की राग धरणंही कठीण. “आता छापून गेलंय. पोरी वाट बघतायत. तिला काही झालं नाही तर आपण खोटे ठरतो आणि खोट्या भुताकडे कोणी परत येत नाही. शेवटचं दार आहे हे, सेन्सेई. आपल्या सगळ्यांचंच.”

त्याच आठवड्यात चिनात्सुला ताप आला.

मुलांना ताप येतो. नवरा फोनवर हेच म्हणाला, दवाखान्यातल्या डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले आणि तेही हेच म्हणाले. “दुसरं काही दिसत नाही. वाट बघू.” मीही स्वतःला तेच सांगत होते. पण घरी येताना स्टेशनाजवळच्या पुस्तकांच्या दुकानासमोर गणवेशातल्या दोन मुली उभ्या होत्या. एकीच्या हातात आमचा अंक, दुसरी तिच्या खांद्यावरून वाचत होती.

“बिचारी,” पहिली म्हणाली.

“बरंच झालं. किती दिवस ताणणार? कधी एकदा घेऊन जातंय असं झालंय मला.”

पाठीवर बांधलेल्या चिनात्सुचा श्वास माझी मान भाजत होता. मी तिच्या डोक्यावर टोपी ओढली, तिचा चेहरा त्यांना दिसू नये म्हणून. त्या दिवसापासून तो विचार डोक्यातून जाईना. उत्तरेच्या बर्फाळ गावांपासून दक्षिणेच्या बेटांपर्यंत प्रत्येक दुकानात माझ्या लेकीचा चेहरा आहे, आणि त्या चेहऱ्याकडे बघत कितीतरी मुली ती जायची वाट बघतायत. त्यांच्या मनात वाईट काही नाही. पण इतक्या जणींनी एकाच वेळी एखादी गोष्ट व्हावी म्हणून वाट पाहिली, तर?

सासूबाई उठल्या. छत्री घेऊन बाहेर गेल्या, दमून परत आल्या.

“कुठे गेला होतात?”

“कोपऱ्यावरच्या देवळात. तुम्हा दोघींची खरी नावं सांगितली. इमारत सांगितली, मजला सांगितला, दाराबाहेर तीनचाकी सायकल आहे तेही सांगितलं.” त्यांनी चपला नीट जुळवून ठेवल्या. “आता तरी चुकू नका म्हटलं.”

त्या या वेळी हसत नव्हत्या, आणि म्हणून मला जास्त भीती वाटली.

ताप उतरेना. पेज तोंडात घातली की ती ओठांच्या कडेनं बाहेर यायची. मी तिच्या अंथरुणाशेजारीच मेज ओढलं होतं. एका हातानं ओला पंचा, एका हातानं टाक. आधीची पानं झाली होती. उरली होती ती शेवटची.

“आई,” चिनात्सु डोळे न उघडता म्हणाली, “कोउमे कुठे झोपते?”

“कागदावर.”

“कागद गार असतो?”

“हो गं, गार असतो.”

“मग मला पण कागदावर ठेव.”

मी टाक खाली ठेवला.

मुदतीच्या दिवशी निरासावा आले. पानं वेळेवर मिळाली नाहीत की संपादक घरी येऊन बसतो आणि पानं हातात पडेपर्यंत उठत नाही. भर दुपार होती. बाहेर झाडांवर सिकाडा किडे कर्कश ओरडत होते. आजारी मुलासाठी आणतात तसा त्यांनी पीचचा डबा आणला होता. तो मांडीवर धरून, कपाटाकडे तिरपं बसून ते वाट बघू लागले. सासूबाईंनी त्यांच्यापुढे जवाचा गार चहा जरा जोरातच ठेवला.

“प्या. गळा सुकला असेल, इतकं मोठं काम करून.”

“माफ करा, आजी.”

“मला काय म्हणता? तिला म्हणा.” त्यांनी हनुवटीनं अंथरुणाकडे खूण केली. निरासावांनी तिकडे पाहिलं आणि त्यांचा चेहरा इतका पडला की मला त्यांची दया आली. त्यांनी खरंच दोन्ही हात तातामीच्या चटईवर टेकून झोपलेल्या चिनात्सुपुढे डोकं वाकवलं.

मी काढायला घेतलं. खोली आली, दार आलं, दारातला काळोख आला, कोउमेचा झगा आला, उघडी पावलं आली. चेहरा येईना. टाक कागदाला टेकवला की हात आपोआप मागे यायचा. शेवटी सगळ्या चौकटी भरल्या आणि त्या सगळ्या चौकटींत ती कोऱ्या चेहऱ्याची उभी राहिली.

सासूबाईंनी वाकून पाहिलं आणि एक पाऊल मागे सरकल्या. “अगं बाई, डोळे काढ तिला. अशी कोरी नको ठेवूस. कोऱ्या चेहऱ्यात कुणीही येऊन बसेल.”

मग मी दुसरा चेहरा देऊन पाहिला. शेजारची मिहो आठवली, तिचे आखूड केस, गोल नाक. पेन्सिलीनं दोन रेषा काढल्या. भिंतीपलीकडे ती हसत होती, तिची आई तिला काहीतरी भरवत होती. मी त्या दोन्ही रेषा खोडल्या, कागद जवळजवळ फाटेपर्यंत. 

चिनात्सु झोपेत कण्हली. मी तिच्याकडे वळले तेव्हा माझा एप्रन मेजाच्या कडेला अडकला, आणि मी तो सोडवता सोडवता थांबले. इतके महिने गोष्टीत एक बाई वावरते आहे. तिला चेहराच नाही. तिनं कधी कपाटाकडे पाहिलेलंच नाही.

मी नवा कागद घेतला.

“सेन्सेई,” निरासावा घाबरून म्हणाले, “छापखाना थांबलाय...”

“थांबू दे त्याला,” सासूबाई म्हणाल्या. “तुम्ही चहा प्या.”

मी केस विंचरायचा आरसा मेजावर उभा केला. कोउमे दारापाशी पोचली आहे. मागून एप्रन येतो. ओले हात तिला धरतात, बाजूला करतात. मग ती बाई खाली वाकते, मुलीच्या उंचीवर, आणि तिचा चेहरा पहिल्यांदाच चौकटीत येतो. मी आरशात बघत गेले आणि काढत गेले. डोळ्यांखालची काळी वर्तुळं, फुटलेला ओठ, न विंचरलेले केस. ती कोउमेच्या हातात उशी देते. “तू बाहेर थांब,” म्हणते. आणि आत जाते. दार तिच्या मागे आतून मिटतं, कधी नव्हे ते अगदी घट्ट. सकाळी कोउमेची आजी तिला घेऊन ते घर सोडते. कोउमेला मात्र आता पुन्हा चिनात्सुचा चेहरा आला होता, आणि तो काढताना हात मागे आला नाही. उशी छातीशी धरून ती रस्त्यावरच्या उन्हात उभी होती.

त्या घरातला तिचा तो शेवटचा दिवस. निरासावांची ओळ तशी खोटी ठरली नव्हती; दारानं एकीला घेतलंच होतं.

मी पान सासूबाईंपुढे सरकवलं. काळं भरायच्या जागी फुल्या मारल्या होत्या, दारात, छताकडे, आणि आत गेलेल्या त्या बाईच्या अर्ध्या चेहऱ्यावर. त्यांनी दार भरलं, छत भरलं. मग कुंचला चेहऱ्यावर आणला आणि तसाच धरून ठेवला. शाईचा थेंब टोकाला जमत गेला. त्यांनी कुंचला खाली ठेवला, रबर घेतलं आणि ती फुली खोडून टाकली.

“हे मी नाही भरणार.”

“आई, वेळ नाही.”

“इतकी वर्षं तुला टोचून बोलले असेन, हिसाए. पण तुझ्या तोंडावर काळं मी घालणार नाही. मग ते मासिक बुडो नाहीतर तरो.”

त्यांनी तोंड फिरवलं. मीच कुंचला उचलला आणि मीच भरलं. शाई कागदावर ओली होती तेव्हा चकाकत होती, आणि तिच्यात माझा उरलेला डोळा नको तितका जिवंत दिसत होता.

निरासावांनी पानं वाचली. वाचता वाचता त्यांनी पीचचा डबा छातीशी धरला. “हे जास्त भयंकर आहे,” ते हळूच म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं, पानाकडे पाहिलं. “सेन्सेई, हा चेहरा बदलता येईल का? अजून वेळ काढू आपण. मी छापखान्याच्या पाया पडतो.”

“नेऊन छापा,” मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी चिनात्सुच्या अंगावर बारीक लाल पुरळ उठलं आणि ताप उतरला. डॉक्टर म्हणाले, हा आजार असाच असतो, पुरळ दिसलं की ताप जातो, दर दुसऱ्या घरात चालू आहे. त्यांचं खरंच असणार. तिनं पीच मागितले, अख्खा डबा संपवला आणि पाक माझ्या एप्रनला पुसला.

तो अंक दुकानांतून हातोहात संपला. पोस्टकार्डांची पोती आली. या वेळी बऱ्याच कार्डांवरचं अक्षर मोठ्या बायकांचं होतं. मुलींच्या हातून अंक काढून घेता घेता आयांनी तो वाचला होता. निरासावा म्हणतात, मासिक आता बदलायला हवं, पोरींबरोबर त्यांच्या आयांसाठीही. लोकरीचं नाव कुणी काढत नाही. आणि जवळजवळ प्रत्येक कार्डावर एकच प्रश्न आहे, आईचं आत काय झालं?

म्हणून आता मी कपाटाच्या आतलं काढते. पानभर काळोख आणि मध्ये माझा चेहरा. सासूबाई त्या पानांना कुंचला लावत नाहीत. शेजारी बसून फक्त पेन्सिलीच्या रेषा खोडतात, आणि खोडताना मधूनच माझ्या दंडाला हात लावून बघतात. वाट बघणाऱ्या त्या सगळ्या मुली आता माझ्याकडे बघतायत, हे मला ठाऊक आहे. काही वेळा मेजावरून उठताना पाय जड होतात. जिना उतरताना मी कठडा धरते. रस्ता ओलांडताना दोनदा बघते. माझ्यासाठी भ्यायला मी तयार आहे, तेवढं जमतं. तिच्यासाठी भिणं मला झेपत नव्हतं.

चिनात्सुनं काळोखातल्या माझ्या चेहऱ्याचं पान पाहिलं आहे, मी लपवायच्या आधीच. आता ती दुपारच्या झोपेतून उठते, खोलीच्या दारात उभी राहते आणि मी वळायच्या आधी विचारते.

“आई, तू बाहेर आहेस ना?”

“आहे गं. बाहेरच आहे.”

ती लगेच आत येत नाही. आधी माझ्या एप्रनला हात लावते, मग हाताला, मग दोन्ही तळवे माझ्या चेहऱ्यावर ठेवून नीट चाचपून बघते. ते होईपर्यंत मी मुळीच हलत नाही.